रुंब्याचा पंखा

बार्सिलोनाला शिकायला गेलेल्या आमच्या भाच्याने गिटार घेतली, तेव्हा ताईला कौतुक वाटले. ती रस्त्यावर वाजवण्यासाठी घेतली आहे असे फोनवर कळले मात्र, घरात सुतक पडले! "एवढा शिकवला तो लोकांपुढे टोपी पसरायला?"

मी आपली चौकशी केली. हा रुंबा मूळचा क्यूबाचा. १९५०च्या दशकात बार्सिलोनाच्या जिप्सी वस्त्यांत त्याने नवा अवतार घेतला. वाजवण्याच्या रीतीला म्हणतात 'बेंतिलादोर', म्हणजे चक्क पंखा. हात पंख्यासारखा फिरतो, तारा छेडतो आणि मध्येच गिटारीच्या अंगावर थाप देतो. सूर नि ठेका एकटा माणूस सांभाळतो, ढोलकीवाला लागत नाही. म्हणून तर तो रस्त्याला मानवतो. ही युक्ती पेरेत (१९३५–२०१४) या गवयाची की एल पेस्काईयाची, यावर तिथे अजून तंटा आहे. आपल्याकडे घराण्यांचे चालते तसेच!

शिकणे मात्र सोपे नाही. आठ मात्रा तीन-तीन-दोन अशा तोडायच्या. भाचा तारांखाली रुमाल सारून महिनाभर नुसता उजवा हात घोटत होता. रस्त्यावर सूर घसरला तर लोक चालवून घेतात. ठेका अडखळला की चालू लागतात.

तिथल्या मेट्रोत वाजवायला रीतसर परवानगी लागते, जागाही नेमून दिलेल्या असतात, हे ऐकून ताई जरा निवळली. काल तिचाच फोन आला : "अरे, त्याचा तो दोनाचा तुकडा अजून घाईत येतो रे!"