करड्या छटांतला सैनिक

पहिल्या महायुद्धातला सैनिक डोळ्यांसमोर येतो तो कृष्णधवलच. मग त्याची 54 मिलिमीटर उंचीची प्रतिमा, म्हणजे छोटी मूर्ती, रंगवताना काळा, पांढरा आणि मधल्या करड्या छटाच का वापरू नयेत? काही हौशी कलावंत तसं करतात. जमलेली प्रतिमा पाहिली की नजर हलत नाही.

हे काम दिसतं तितकं सोपं नाही. रंगीत प्रतिमेत चेहरा आणि कोट वेगळे करायला रंग मदतीला असतो, इथे नसतो. काळ्या प्रायमरवर एअरब्रशने फक्त वरच्या बाजूने फिकट करडा फवारतात, म्हणजे हेल्मेटच्या काठाखाली, हनुवटीखाली, पट्ट्याखाली सावली आपसूक राहते. पुढचं सगळं बारीक ब्रशवर. कापड मॅट ठेवायचं, बुटांना थोडी चकाकी द्यायची. करडा तोच असला तरी चामडं ओळखू येतं. निखळ पांढरा डोळ्यातल्या ठिपक्यापुरताच.

खरी मेख पुढे आहे. त्या काळच्या बहुतेक फोटोंच्या काचा आणि फिल्म लाल रंग जवळजवळ टिपतच नसत, निळा मात्र फिकट दाखवत. त्यामुळे 1914 च्या फ्रेंच सैनिकाची लाल विजार फोटोत काळपट दिसते आणि 1915 पासूनचा आकाशी कोट पांढुरका. करडा डोळ्यांच्या हिशेबाने मिसळायचा की कॅमेऱ्याच्या? माझं मत कॅमेऱ्याच्या बाजूने आहे. फोटोची आठवण जागवायची नसेल, तर रंग सोडण्याला कारण उरत नाही.

पण त्या लाल विजारीला इतिहास आहे. 1911 मध्ये फ्रान्सचे युद्धमंत्री मेसिमी यांनी हिरवट गणवेशाचा प्रस्ताव आणला, तो विरोधामुळे बारगळला आणि 1914 च्या ऑगस्टमध्ये फ्रेंच पायदळ दुरून नजरेत भरणाऱ्या लाल रंगात लढाईत उतरलं. तो सैनिक करडा केला, तर त्याच्यावर काय बेतलं होतं तेच झाकलं जातं. चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी 2018 मध्ये जुन्या युद्धचित्रफिती रंगवून घेतल्या, त्यामागेही ती माणसं आपल्याजवळ यावीत हीच इच्छा होती.

म्हणून सरसकट नियम मला मान्य नाही. एखाद्या विशिष्ट फोटोवरून घडवलेली प्रतिमा करडी शोभते. डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 या काळात आजच्या इराकमधल्या कुतच्या वेढ्यात अडकलेल्या, ब्रिटिश भारतीय सैन्याच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमधला मराठा शिपाई मात्र मी खाकीतच रंगवेन. त्याचा चेहरा आपण फोटोतही फारसा पाहिलेला नाही. त्याला आणखी दूर लोटायला माझं मन धजत नाही.