पक्षाघात आणि शीतोपचार

‘पक्षाघात’ या शब्दांत पक्ष म्हणजे शरीराची एक बाजू. परंतु घाव बसतो तो मेंदूवर. मेंदूच्या मोठ्या धमनींत रक्ताची गुठळी अडकली, म्हणजे पुढील भागाचा रक्तपुरवठा तुटतो. अशा वेळीं दर मिनिटास सरासरी १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असें गणित अमेरिकेंतील डॉ. जेफ्री सेव्हर यांनीं २००६ सालीं मांडलें.

ही गुठळी जांघेच्या धमनींतून बारीक नळी वर नेऊन ओढून काढतां येते. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या पांच प्रयोगांनीं या उपायाचा गुण सिद्ध केला. तथापि मार्ग मोकळा होऊनही कित्येक रुग्ण पांगळे राहतात. कांहीं पेशी आधींच मेलेल्या असतात. शिवाय उपाशी पेशींत रक्त एकाएकी परतलें, तर त्यानेंही इजा होते.

म्हणून शीतोपचाराची कल्पना निघाली. थंडीनें पेशींची प्राणवायूची गरज मंदावते व त्या अधिक काळ तग धरतात. परंतु सर्वांग थंड केलें असतां हुडहुडी भरते आणि न्यूमोनियाचें भय असतें. १५०० रुग्णांसाठीं योजिलेला एक युरोपीय प्रयोग ९८ रुग्णांवरच थांबला. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या फलितांत लाभ दिसला नाहीं. उलट केवळ मेंदूच थंड करावा, या हेतूनें बीजिंगच्या डॉक्टरांनीं गुठळी काढतांना त्याच नळीवाटे ४ अंश सेल्सिअसचें लवणजल धमनींत सोडलें. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या २६ रुग्णांच्या वृत्तांतावरून हें करणें शक्य आहे, इतकें कळलें. गुण किती, हें मोठ्या प्रयोगांनींच ठरावयाचें.

यावरून कोणीं घरीं रुग्णाच्या मस्तकीं बर्फ ठेवूं नये. त्यानें मेंदूचें रक्षण होत नाहीं. वेळ मात्र जातो. तोंड वांकडें झालें, हात लुळा पडला, वाणी अडखळली, कीं तेल चोळूं नये, पाणी वा औषध पाजूं नये. गुठळी कीं रक्तस्राव, हें मेंदूचें चित्र घेतल्यावांचून कळत नाहीं. गुठळी विरघळविणारें औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आंतच देतात. गुठळी काढण्यास कांहीं निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत अवधि मिळतो, तरी उशीर तितकी हानि ठरलेलीच.

एकत्र कुटुंबांत सर्वांचा विचार घेण्याची रीत चांगली. पण या प्रसंगीं काका गांवाहून येईपर्यंत थांबूं नये. जो जवळ असेल त्यानें रुग्णास तत्काळ योग्य रुग्णालयांत न्यावें, आणि तो शेवटीं धडधाकट केव्हां दिसला, ती वेळ डॉक्टरांस सांगावी.