चेहरा, नाव आणि मथळा

सिनेमासिकाचं मुखपृष्ठ म्हटलं की ठरलेली मांडणी डोळ्यांपुढे येते. वर ठसठशीत नाव, त्यावर किंचित आलेलं नायिकेचं डोकं, थेट आपल्याकडे पाहणारे डोळे आणि कडेला खमंग मथळे. त्यामागे व्यवहार होता. स्टॉलवर अंक एकमेकांवर रचले की दिसायची ती वरची पट्टीच. आता अंक आधी मोबाइलवर, बोटभर आकारात दिसतो. म्हणूनच या संकेतांची उजळणी आम्हाला आज गरजेची वाटली.

बाबूराव पटेलांच्या ‘फिल्मइंडिया’साठी एस. एम. पंडितांनी रंगवलेली मुखपृष्ठं, १९५२च्या पहिल्या ‘फिल्मफेअर’वरची कामिनी कौशल आणि राजेश खन्नाच्या गुप्त लग्नाचा प्रश्न विचारत १९७१मध्ये आलेला ‘स्टारडस्ट’, असा कुंचल्याकडून कॅमेऱ्याकडे आणि तिथून मथळ्याकडे गेलेला प्रवास या अंकात आहे. सोबतीला पॅरिसचं ‘काहिए द्यू सिनेमा’ही आहे. सुरुवातीच्या त्याच्या पिवळ्या मुखपृष्ठावर चित्रपटातलं कृष्णधवल दृश्य असे. तिथे मान ताऱ्यापेक्षा चित्रपटाला होता.

केवळ मुखपृष्ठ पाहून तुम्ही कोणता अंक विकत घेतलात? आणि आमच्या या वेळच्या मुखपृष्ठावर एकही चेहरा नाही, हे पटलं का? मोकळेपणानं लिहा. निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू.