प्रशिक्षणाला नेमके कोण जाते?

नवीन जालन्यात संस्थांना तोटा नाही. एका वस्तीत तरुण मंडळ, शेजारच्या गल्लीत महिला मंडळ, पुढे विहार समिती, वाचनालय, दोन-चार बचत गट. सात माणसे जमली, नियमावली लिहिली, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी झाली, की संस्था जन्माला येते. ती पुढे जगणार की नाही, हे मात्र तीन वह्यांवर ठरते. एक इतिवृत्ताची, दुसरी हिशेबाची, तिसरी सभासदांची. कार्यकारिणी बदलली तर नव्वद दिवसांत बदलाचा अहवाल, म्हणजे ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात तो, द्यावा लागतो. तो दिला नाही तर कागदावर जुनेच अध्यक्ष कायम राहतात. ते निवर्तले असले तरी राहतात! मग एखादे अनुदान, एखादी जागा, एखादी योजना दारात येते आणि कागद पुरे नाहीत म्हणून परत जाते.

अशा संस्था मजबूत करायच्या तर प्रशिक्षण हवे, हे आता सर्वांना पटले आहे. त्यातही परदेशी संस्थांशी संबंध, इकडच्या कार्यकर्त्यांनी तिकडे जाणे, तिकडच्यांनी इकडे येणे, अनुभवांची देवाणघेवाण, हे शब्द बॅनरवर नेहमी दिसतात. आम्हाला त्यांचे वावडे नाही. आमचा प्रश्न साधा आहे. संस्थेच्या वतीने प्रशिक्षणाला नेमके कोण जाते?

वाचक बंधू-भगिनींनी आपापल्या मंडळाकडे पाहून उत्तर द्यावे. ज्याला चार शब्द इंग्रजी येते तो जातो. ज्याला आठ दिवस रजा मिळते तो जातो. बहुधा सेक्रेटरी जातो, आणि दरवेळी तोच जातो. येताना कापडी पिशवी, फाईल, प्रमाणपत्र आणि सर्वांचा एकत्र फोटो आणतो. फोटो कार्यालयात लागतो, फाईल कपाटात जाते. ज्या बाईने वर्षभर घरोघर फिरून बचतीचे हप्ते गोळा केले, कोणाचा हप्ता का थकला हे जिला तोंडपाठ आहे, तिला शिबिरात काय सांगितले ते कोणी सांगत नाही. ती विचारतही नाही, कारण तिला वाटते की ते आपल्यासाठी नव्हतेच.

आता आपल्याच जालना तालुक्यातले कडवंची घ्या. या गावी 1996 मध्ये इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाचे काम सुरू झाले. पैसा जर्मन सरकारचा, तो येणार नाबार्डमार्फत. काम मराठवाडा शेती सहाय्य मंडळाचे आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राचे. विजयअण्णा बोराडे यांचे नाव या कामाशी कायमचे जोडले गेले आहे. या कार्यक्रमाची कल्पना फादर हर्मन बाकर या स्विस धर्मगुरूंची. 1948 मध्ये भारतात आलेल्या या माणसाची हयात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या दुष्काळी गावांत गेली. गावकऱ्यांना आणि संस्थांना शिकवण्यासाठी 1993 मध्ये वॉटर नावाची संस्थाच वेगळी उभी राहिली.

या कार्यक्रमाची गंमत पैशात नव्हती, क्रमात होती. आधी शिकणे, मग पैसा. गावाने ग्रामसभेत आपली पाणलोट समिती निवडायची. प्रत्येक घराने चार दिवस श्रमदान करून दाखवायचे. कुऱ्हाडबंदी आणि मोकाट चराईबंदी मान्य करायची. मग लहानशा तुकड्यावर काम करून हात बसवायचा, आणि ते नीट जमले तरच पूर्ण शिवाराचा आराखडा मंजूर व्हायचा. पैसा गावाच्या समितीच्या आणि संस्थेच्या संयुक्त खात्यात. म्हणजे चेकवर सही करणारा माणूस गावातला, आणि त्याला हिशेब ग्रामसभेपुढे वाचावा लागणार. आराखडाही कचेरीत बसून करायचा नाही. तंत्रज्ञाने एकेका गट नंबरच्या बांधावर जायचे, शेतकरी नवरा-बायको दोघांनाही बरोबर घ्यायचे, इथे बांध, इथे चर, इथे झाड, असे जागेवर ठरवायचे. हा नियम आम्हाला फार मोलाचा वाटतो. बायको बांधावर आली म्हणजे प्रशिक्षण घरात आले. पाणी कुठून वाहते आणि माती कुठे कापते हे तिला आधीच माहीत असते, फक्त तिला कोणी विचारलेले नसते.

अठराशे हेक्टरांहून मोठ्या त्या पाणलोटात बांधबंदिस्ती, समतल चर, नाल्यांवरचे बांध झाले. 2002 च्या सुमारास प्रकल्प संपला, जर्मन मदत थांबली. बहुतेक प्रकल्प इथेच संपतात. पाटी उरते, समिती विसर्जित होते. कडवंची मात्र पुढे चालत राहिले. शेतकऱ्यांनी शेततळी घेतली, द्राक्षबागा उभ्या केल्या. 2012 मध्ये जालना जिल्हा भयंकर दुष्काळात सापडला, मोसंबीच्या बागा वाळून चालल्या, तेव्हा कडवंचीने बागा वाचवल्या आणि लांबलांबचे लोक हे गाव पाहायला येऊ लागले. परदेशातून आलेले ज्ञान गावच्या शिवारात मुरले, आणि आता गावच इतरांची शाळा झाले.

तरीही एक गोष्ट आमच्या मनात राहतेच. पाणलोटात जमीन ज्याची, पाणी त्याचे. ज्याला जमीनच नाही त्याला प्रकल्प चालू असेतो मजुरी, पुढे काय? आणि चराईबंदी झाली की पहिली दावणीला बांधली जाते ती भूमिहीनाची शेळी. बचत गट आणि संयुक्त महिला समिती अशा व्यवस्था कार्यक्रमाने ठेवल्या होत्या, हे खरे. पण अभ्यास दौऱ्यावर आलेले पाहुणे विहिरीची पातळी विचारतात, शेततळ्याचे माप घेतात, वस्तीवरच्या शेळ्या किती राहिल्या हे विचारत नाहीत. आपल्या मंडळांपैकी कोणी तिकडे गेले तर हा प्रश्न अवश्य विचारावा.

शिकणारा कोण आणि शिकवणारा कोण, याचे सर्वांत धडधडीत उदाहरण म्हणजे जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे पती-पत्नी 1970 मध्ये तिथे काम करू लागले. त्या भागात तेव्हा हजार जन्मांमागे 176 बालके वर्षाच्या आत दगावत होती. डॉक्टर खेड्यात राहायला तयार नव्हते. मग आरोळ्यांनी गावालाच सांगितले, तुमच्यातली एक बाई निवडून द्या. त्या बायांत दलित वस्तीतल्या पुष्कळ होत्या, कित्येक निरक्षर होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, मुक्काम करीत, बाळंतपण, जुलाब, ताप, लसीकरण शिकत. सर्व जातींच्या बाया एकत्र जेवत, एका पांघरुणाखाली झोपत. ज्या काळात पाणवठा वेगळा होता त्या काळातली ही गोष्ट आहे. पाणवठ्याची तऱ्हा तर आणखी वेगळी. 1972 च्या दुष्काळात कूपनलिका खोदायच्या होत्या, तेव्हा आरोळ्यांनी त्यांच्या जागा दलित वस्तीत निघतील अशी तजवीज केली. तहान लागली की सगळ्या गावाला तिकडेच यावे लागले! हे कोणत्याही परदेशी पुस्तकात लिहिलेले नव्हते.

पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत तिथला बालमृत्यूचा दर तिशीच्या खाली आला. 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1990 च्या दशकात जामखेडला प्रशिक्षण संस्था उभी राहिली आणि देशोदेशींचे डॉक्टर, परिचारिका, कार्यकर्ते तिथे येऊ लागले. त्यांच्यापुढे उभे राहून शिकवणाऱ्यांत याच खेड्यातल्या बाया होत्या. भाषांतराला माणूस बसवला, एवढेच. लुगडे नेसलेली, कधी शाळेत न गेलेली बाई पदवीधर डॉक्टरला सांगते की गरोदर बाईच्या घरी आधी काय पाहायचे, आणि तो डॉक्टर वहीत लिहून घेतो. आमच्या भगिनींनी हे चित्र नीट मनात धरावे. अडसर इंग्रजीचा नसतो. अडसर असतो तो, या बाईकडे सांगण्यासारखे काही असेल असे न वाटण्याचा.

आपल्या चळवळीकडूनही लोक शिकले आहेत. हंगेरीत रोमा समाज आहे, ज्यांना जुन्या काळापासून जिप्सी म्हणून हिणवले गेले. त्यांची मुले मंदबुद्धी ठरवून वेगळ्या शाळांत घालण्याचा प्रकार तिथे होता. 2013 मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने त्याबद्दल हंगेरीला दोषी धरले. तिथले शिक्षक आणि माजी खासदार तिबोर देरदाक यांच्या हाती बाबासाहेबांवरचे एक पुस्तक पडले. 2005 आणि 2007 मध्ये ते आणि रोमा कार्यकर्ते यानोश ओर्शोश महाराष्ट्रात आले. इथे त्यांनी आपली वसतिगृहे पाहिली, विहार पाहिले, पहिल्या पिढीत शिकलेली आणि दुसऱ्या पिढीत प्राध्यापक झालेली कुटुंबे पाहिली. 2007 मध्येच शायोकाझा या गावी डॉ. आंबेडकर शाळा सुरू झाली. शाळा सुटलेल्या रोमा मुला-मुलींना शेवटच्या परीक्षेपर्यंत नेणे, हे तिचे काम. तिथली मुले एकमेकांना जयभीम म्हणतात. या देवाणघेवाणीत देणारे आपण होतो. आपल्या वसतिगृहात एका खोलीत किती मुले राहतात आणि खानावळीचा खर्च कसा भागवतात, हे त्या पाहुण्यांसाठी मोलाचे ज्ञान होते. आपण मात्र ते कधी लिहूनसुद्धा ठेवलेले नसते.

आणि ही देवाणघेवाण काही आजची नाही. 1946 मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले विद्वान ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. तिथल्या निग्रो बांधवांच्या एका संघटनेने संयुक्त राष्ट्रसंघापुढे निवेदन ठेवले आहे असे त्यांच्या वाचनात आले होते, त्याच्या प्रती त्यांनी मागितल्या. ड्यू बॉइस यांनी त्याच जुलैच्या अखेरीस उत्तर पाठवले आणि ते निवेदन सोबत जोडले. दुसऱ्यांनी आपले गाऱ्हाणे कसे मांडले, मसुदा कसा केला, हे पाहावेसे वाटले आणि माणूस सरळ मागून मोकळा झाला. खर्च टपालाचा.

पैशाची वाट मात्र आता अरुंद झाली आहे. परकीय मदतीच्या कायद्यात सप्टेंबर 2020 मध्ये दुरुस्ती झाली. पूर्वी दिल्ली-पुण्याची मोठी संस्था परदेशी मदत घेई आणि त्यातला वाटा जिल्ह्यातल्या लहान संस्थेकडे पाठवी. ते आता चालत नाही. मिळालेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही. कार्यालयीन खर्चाची मर्यादा शंभरात पन्नासवरून वीसवर आली. पगार, भाडे, हिशेबनीस यांचा भार त्यातच. परदेशी मदतीसाठी पहिले खाते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उघडावे लागते. मोठ्या संस्था वकील-सनदी लेखापालांच्या जोरावर हे निभावतील. नवीन जालन्यातले एखादे महिला मंडळ कसे निभावणार? म्हणून आम्ही म्हणतो की लहान संस्थेच्या वाट्याला परदेशातून आता यायचे ते मुख्यतः ज्ञानच. ते कपाटात गेले, तर हाती काहीच उरले नाही.

तेव्हा घरचे चार नियम करायला हरकत नाही. शिबिराहून आलेल्या सभासदाने पंधरा दिवसांत सर्व सभासदांपुढे, मराठीतून, तासभर सांगावे आणि ते इतिवृत्तात नोंदवावे. लागोपाठ दोनदा एकाच व्यक्तीला पाठवू नये. आलेले छापील साहित्य इंग्रजीत असेल तर वस्तीतल्या कॉलेजच्या मुला-मुलींकडून त्याचा सोपा गोषवारा करून घ्यावा. त्यांच्याही इंग्रजीला सराव होईल. पाहुणे येणार असतील तर त्यांच्यासमोर आपल्या हिशेबाची वही ठेवावी आणि त्यांची कशी असते ते विचारावे. हारतुरे, सत्कार यांत अर्धा दिवस घालवू नये. आमच्याकडे हा सोस भारी आहे!

आणि अर्जात प्रतिनिधीचे नाव विचारलेले असते, तिथे दोन नावे लिहावीत, त्यातले एक बाईचे. दुसऱ्या नावाचा खर्च आयोजक देणार नसतील तर तो वर्गणीतून करावा आणि सभेत आधीच ठरवावा. घरी मुलांकडे कोण पाहणार, हेही त्याच सभेत ठरवावे, नाहीतर ऐन वेळी नाव बदलते. खर्चही फार नाही. मार्च 2023 पासून एस.टी.त बायांना अर्धे तिकीट आहे. जामखेडची वाट जालन्याहून बीडमार्गे आहे, आणि खरपुडी तर शहराला लागूनच आहे.