टेनिसचा चेंडू पोचला, टेनिस केव्हा?

टेनिसचा चेंडू आमच्या रामाकोन्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. किराण्याच्या दुकानात तो मिळतो. पीक निघाले की मोकळ्या वावरात त्याच चेंडूने क्रिकेट रंगते आणि ‘टेनिस बॉल’ स्पर्धेला आजूबाजूच्या खेड्यांतून ट्रॅक्टर भरून मंडळी येतात. परंतु ज्या खेळाकरिता हा चेंडू जन्मास आला, तो खेळ गावातील बहुतेकांनी फक्त पडद्यावर पाहिलेला आहे. चेंडू पोचला, खेळ मागेच राहिला. असे का व्हावे, याचा विचार मी येथे शिकावयास आल्यापासून करीत आहे.

रामाकोना कोठे आहे, हे या अंकाच्या पुष्कळशा वाचकांना माहीत नसावे. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना सौंसरच्या पुढे हे गाव लागते. संत्रा आणि कापूस ही आमची पिके. घरात मराठी, कचेरीत हिंदी. २०१५ पर्यंत येथून नॅरोगेजची छोटी गाडी जात असे. आता तेथे मोठी लाईन आहे. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला आणि आम्ही छिंदवाड्यातून त्यात आलो.

आता टेनिसकडे वळू. हा श्रीमंतांचा खेळ आहे, असे म्हणून आपण विषय मिटवून टाकतो. इतिहास पाहिला तर त्यात तथ्य आहेच. १८७४ साली मेजर विंगफील्डने इंग्लंडमध्ये या खेळाचे पेटंट घेतले आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या सामानाबरोबर तो लौकरच हिंदुस्थानात उतरला. क्लब त्यांचे, हिरवळ त्यांची. आपली माणसे चेंडू वेचायला. पुढे आपल्या लोकांनी स्वतःच्या जिमखान्या काढल्या. पुण्याची डेक्कन जिमखाना १९०६ ची. तेथून महाराष्ट्रातले टेनिस वाढले हे खरे, पण फाटकाच्या आत वाढले. सभासदाचा मुलगा खेळे, माळ्याचा मुलगा बघे.

फाटक किलकिले झाले ते अलीकडे. प्रार्थना ठोंबरे ही सोलापूर जिल्ह्यातील बार्शीची. बार्शी म्हणजे काही मुंबई-पुणे नव्हे, आमच्या सौंसरसारखेच तालुक्याचे गाव. तिने २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर महिला दुहेरीत कांस्यपदक मिळविले आणि २०१६ मध्ये ती रिओ ऑलिंपिकमध्ये खेळली. कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव २०२२ मध्ये विंबल्डनच्या चौदा वर्षांखालील स्पर्धेत उतरली. कुस्तीच्या कोल्हापुरातली मुलगी विंबल्डनच्या गवतावर! महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसले हिने कूर्गच्या रोहन बोपण्णाबरोबर हांगझोऊ येथे २०२३ साली झालेल्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक घेतले. आमच्या कानडी विभागाच्या मित्रांना मी मुद्दाम सांगतो की, हा बोपण्णा तरुणपणी काही काळ पुण्यात नंदन बाळ यांच्याकडे शिकला होता. याच बोपण्णाने त्रेचाळिसाव्या वर्षी, २०२४ साली, ऑस्ट्रेलियन स्पर्धेची पुरुष दुहेरी जिंकली.

अशी नावे वाचली की आपल्याला वाटते, झाली प्रगती. शिवाय बालेवाडीचे स्टेडियम आहेच. चेन्नईची मोठी एटीपी स्पर्धा २०१८ साली पुण्यात आली तेव्हा वर्तमानपत्रांनी पानेच्या पाने भरली. जानेवारी २०२३ मध्ये ती शेवटची झाली आणि पुण्यातून गेली. तिच्या जाण्याचे मला फारसे दुःख नाही, हे मी स्पष्टच सांगतो. अशा स्पर्धेत आपण परदेशी खेळाडूंना टाळ्या वाजवतो, आणि टाळ्या वाजवून कोणाचा बॅकहँड सुधारत नाही. त्यापेक्षा २०२३ साली धारवाडला पुरुषांची आणि सोलापूरला महिलांची जी लहान आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, ती मला मोलाची वाटते. क्रमवारीचे गुण अशाच स्पर्धांतून मिळू लागतात. त्या घराजवळ असल्या तर बापाला विमानाच्या तिकिटासाठी जमीन विकावी लागत नाही.

परंतु याच्याही आधीची एक पायरी आहे आणि ती म्हणजे आठ-दहा वर्षांच्या मुलाला रोज संध्याकाळी मिळणारे कोर्ट. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. खेड्यातला मुलगा तेथवर गेला, कारण लाल माती आणि वस्ताद या गोष्टी आपल्याकडे गावोगाव होत्या. त्यानंतर भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते थेट १९९६ साली, लिअँडर पेसला, आणि तेही टेनिसमध्ये. कुस्तीला तालीम होती, टेनिसला तालीम नाही. माझे सारे म्हणणे एवढेच आहे.

खर्चाचा प्रश्न येतोच. कोर्ट ७८ फूट लांब व ३६ फूट रुंद. भोवतालची धावण्याची जागा धरून १२० बाय ६० फूट, म्हणजे साधारण साडेसहा गुंठे. महाविद्यालयाच्या आवारात एवढी जागा नसते काय? सिमेंट आणि रंगीत थर हवाच असे नाही. चाळलेली माती, पाणी आणि रोलर एवढ्यावर कोर्ट तयार होते. जुन्या काळी तर शेणाने सारवलेल्या कोर्टांवर खेळत असत, आणि सारवण्याची कला आमच्या आयाबहिणींना शिकवावी लागणार नाही. खरी अडचण बारीकसारीक वस्तूंची आहे. डबा फोडला की काही दिवसांत चेंडूतली हवा उतरते, मग तो क्रिकेटवाल्यांच्या कामाचा. रॅकेटची तार तुटली तर गटिंग करणारा माणूस सौंसरला कोठून आणायचा? नागपूर गाठावे लागते. आणि शिक्षक? तोही नागपूरलाच.

येथे दुसरा काटा रुततो. नागपूर आम्हांला जवळचे. दवाखाना, लग्नाचा बस्ता, संत्र्याची मंडी, सारे तिकडे. पण मुलगा शाळेच्या संघातून खेळणार तो मध्य प्रदेशचा. त्याचा विभाग जबलपूर, राजधानी भोपाळ. मध्य प्रदेशात टेनिस नाही असे नव्हे. २०१४ साली इंदूरला डेव्हिस चषकाची लढत झाली व भारताने चिनी तैपेईला ५-० असे हरविले. पण रामाकोन्याच्या पोराला इंदूर काय नि इंग्लंड काय! १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नागपूर हीच आमची राजधानी होती. त्याच दिवशी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, हे या भागातील वाचकांस मी काय सांगावे? निपाणीच्या मुलाला कोल्हापूर हाकेच्या अंतरावर, पण त्याचा राज्य संघ निवडला जाणार बंगळूरला. सीमेवरच्या माणसाचे दुःख सगळीकडे एकाच मापाचे असते. त्यातले राजकारण थोरांनी पाहावे, मी नेटच्या दोन बाजूंपुरते बोलतो.

निवडीचे नियम बदला, अशी माझी मागणी नाही. ते आपल्या हातचे नाही. पण सरावाला आणि मैत्रीच्या सामन्याला कोणत्या राज्याची परवानगी लागते? सौंसरला शासकीय महाविद्यालय आहे, सीमेपलीकडे सावनेर आहे. इकडे निपाणी आणि कागल आहेत. अशा जोड्यांनी आपापल्या आवारात एकेक मातीचे कोर्ट करावे, सकाळी ते गावातल्या शाळकरी मुलांना मोकळे ठेवावे आणि महिन्यातून एकदा एकमेकांकडे जाऊन खेळावे. शहरातला एखादा शिक्षक आठवड्यातून एक दिवस एसटीने आला तरी पुष्कळ झाले. त्याचे मानधन दोन महाविद्यालयांनी अर्धे अर्धे सोसावे.

काही प्राध्यापक म्हणतील, मैदानावर आधीच क्रिकेट, व्हॉलीबॉल आणि कबड्डी आहे, त्यात ही नवी भर कशाला? मुलींकडे पाहावे, एवढेच माझे उत्तर. टेनिस बॉलच्या त्या गावोगावच्या स्पर्धांत मी आजवर एकही मुलगी बॅट घेऊन उतरलेली पाहिलेली नाही; त्या कडेला उभ्या असतात, किंवा तेवढ्याही नसतात. वर मी जी मराठी नावे आधी सांगितली ती तिन्ही मुलींची आहेत. रोलर मात्र आधी आणावा लागेल, आणि तो पावसाळा संपता संपता आणला तर माती नीट बसेल.