शब्दकोडे आणि विस्मरण

"डॉक्टर, रोज शब्दकोडे सोडवले तर विसरभोळेपणा जातो का?" निवृत्त मंडळी हमखास विचारतात. अमेरिकेत २०२२ साली सौम्य विस्मरण असलेल्या १०७ जणांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शब्दकोडी सोडवणारे, संगणकावरील खेळ खेळणाऱ्यांपेक्षा थोडे सरस ठरले. तेव्हा कोडे जरूर सोडवावे. पण ते औषध नव्हे.

माझ्या मते त्याचा खरा उपयोग घरच्यांना आहे. एखादा शब्द अडला, नंतर आठवला, तर घाबरू नये. परंतु वर्षानुवर्षे कोडे पुरे करणाऱ्या आजोबांचे चौकोन कोरे राहू लागले, तर 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नका. थायरॉईडचा विकार, बी-१२ ची कमतरता रक्ततपासणीत कळते. त्यावर उपचारही आहेत.