टेम्पोचालकाचा फोन येतो तेव्हा

सायंकाळची वेळ. दुकानात गिऱ्हाइकांची वर्दळ असते आणि फोन वाजतो. भिवंडीच्या गोदामातून माल घेऊन निघालेला आपला टेम्पो कल्याणच्या पत्रीपुलाजवळ एका स्कूटरला धडकला आहे. स्कूटरस्वार रस्त्यावर पडला आहे, लोक जमू लागले आहेत आणि घाबरलेला चालक विचारतो, “शेठ, काय करू?”

वाचकहो, त्या क्षणी मालकाच्या तोंडून निघणारे पहिले वाक्य फार मोलाचे असते. ‘गाडी काढ आणि निघून ये’ असे कोणी दुष्टपणाने म्हणत नाही; जमाव, पोलीस आणि कोर्टकचेरी यांच्या धास्तीने ते शब्द निघून जातात. त्यांची किंमत मात्र प्रथम जखमी मोजतो आणि पुढे चालक व मालकही. म्हणून उत्तर आजच ठरवून ठेवावे : ‘थांब. आधी जखमीला सांभाळ. मी येतो.’

मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 134 चालकाकडून हीच अपेक्षा करते. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे त्याचे पहिले कर्तव्य. रुग्णवाहिकेसाठी 108, पोलिसांसाठी 112. मान वा पाठ दुखावल्याची शंका असेल तर जखमीला हातपाय धरून उचलू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. गाडीचे इशारादर्शक दिवे लावावेत. गाड्या हलवण्यापूर्वी जागेची छायाचित्रे घ्यावीत.

दुसरे कर्तव्य कळवण्याचे. पोलीस जागेवर नसतील तर जवळच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत 24 तासांच्या आत घटना सांगावी लागते. जमावाच्या क्षोभामुळे थांबणे अशक्य होऊ शकते, हे कायद्यालाही मान्य आहे. परंतु अशा वेळी गाडी घराकडे वळवायची नसते. थेट पोलीस ठाणे गाठायचे असते. हे कर्तव्य टाळल्यास 6 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

जानेवारी 2024 मधील ट्रकचालकांचा संप आपल्या स्मरणात असेल. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. प्राणघातक अपघातानंतर न कळवता पळणाऱ्यास 10 वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद भारतीय न्याय संहितेत होती. ‘थांबलो तर जमाव मारील’ ही चालकांची भीती होती. 1 जुलै 2024 रोजी संहिता लागू झाली, तेव्हा ते उपकलम वगळून ठेवण्यात आले. त्यावरून कळवण्याचे बंधनच उरले नाही, असा समज कोणी करून घेऊ नये. कलम 134 कायम आहे.

मालकाचीही जबाबदारी आहे. पोलिसांनी विचारल्यास गाडी कोण चालवत होते, हे त्याने सांगितलेच पाहिजे. मुलाच्या जागी नोकराला चालक म्हणून उभे करणे हा खोटा पुरावा ठरतो. विमा कंपनीला लेखी कळवावे : पॉलिसी क्रमांक व मुदत, अपघाताची तारीख, वेळ, स्थळ, जखमींचा तपशील, चालकाचे नाव व परवाना. परवाना वैध नसेल, तर कंपनीने दिलेली भरपाई मालकाकडून वसूल होऊ शकते.

जागेवरच काही रक्कम देऊन विषय मिटवण्याची व्यापाऱ्याची सवय येथे घातक ठरते. डोक्याचा मार कधी कधी दुसऱ्या दिवशी उमटतो, आणि तडजोडीने कळवण्याचे कर्तव्य संपत नाही. उपचाराच्या खर्चाचे म्हणाल, तर 2025 च्या केंद्रीय योजनेनुसार नियुक्त रुग्णालयांत पहिल्या 7 दिवसांसाठी दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचाराची सोय आहे.

आपले साधू-साध्वी पहाटे महामार्गाच्या कडेने विहार करतात. वाहनाने ठोकरून चालक पळाल्याची बातमी येते, तेव्हा आपण व्याकूळ होतो. ‘निदान थांबला तरी असता!’ हे उद्गार आपल्याच घरातून उमटतात. त्या अनोळखी चालकाकडून आपण जे मागतो, तेच आपल्या टेम्पोच्या चालकाला शिकवणे हा आपला धर्म आहे.

उद्या सकाळी माल भरण्यापूर्वी चालकाला जवळ बसवावे. 108, 112 आणि आपला क्रमांक एका कागदावर लिहून गाडीत चिकटवावा, आणि त्याला शब्द द्यावा : ‘तू थांबलास, तर मी तुझ्यामागे उभा राहीन.’ हा शब्द मिळालेला चालक सहसा पळत नाही.